बंद संगणकांतील माहितीचा उद्धार

हुपरी हें आपलें गांव चांदीच्या पैंजणांकरितां प्रसिद्ध आहे. चांदीकाम करणारा मनुष्य दुकानांतील केरहि फेंकून देत नाहीं. झारेकरी तो धुऊन व आटवून त्यांतील धातूचे कण वेगळे काढतो. विद्यार्थिमित्रहो, बंद पडलेल्या संगणकाकडेहि याच दृष्टीनें पाहावें, असें आम्हांस वाटतें. पैंजणांचे नवे नमुने, कारागिरांस दिलेल्या चांदीचे हिशेब, दिवंगत आजीचें छायाचित्र, हें सारें आज याच यंत्रांत असतें. यंत्र मेलें म्हणजे माहितीहि मेली, असें समजून कित्येक लोक तें भंगारांत घालतात. ही समजूत बहुधा चुकीची असते.

माहिती हार्ड डिस्कमधील तबकड्यांच्या चुंबकीय थरावर लिहिलेली असते. तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, व वाचणारें टोंक त्यांस न शिवतां अत्यल्प अंतरावरून फिरतें. विद्युत्पुरवठ्याचा भाग किंवा मुख्य पट्टी जळाली, तरी तबकड्या बहुधा शाबूत राहतात. अशा वेळीं डिस्क काढून योग्य तारेनें दुसऱ्या संगणकास जोडावी, व सर्व फायली प्रथम निराळ्या डिस्कवर उतरून घ्याव्या.

चुकून पुसलेली फाइलहि तत्काळ नाहींशी होत नाहीं. ग्रंथाची अनुक्रमणिका फाटली तरी पानें राहतात, तसेंच हें होय. मात्र त्याच जागीं नवें लिहिलें गेलें, म्हणजे जुनें कायमचें गेलें; म्हणून त्या डिस्कवर कांहींएक नवें ठेवूं नये. एसएसडी या तबकडीविरहित प्रकारांत पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर रिकामी करतें. तेथें आशा थोडी. माहिती कुलूपबंद असेल, तर किल्लीवांचून उपाय नाहीं. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली आधींच कागदावर लिहून ठेवावी.

डिस्क टकटक वाजूं लागली, तर यंत्र तत्काळ बंद करावें. प्रत्येक फेऱ्याबरोबर तबकडी खरवडली जाण्याचें भय असतें. ती घरीं उघडूं नये. धुळीचा एक कणहि घातक ठरतो. २०१९ व २०२१ सालीं आपल्या जिल्ह्यानें महापूर पाहिले. पुरांत भिजलेली डिस्क चालू करून पाहूं नये, उन्हांतहि वाळवूं नये. तशीच ओलसर गुंडाळून तज्ज्ञाकडे न्यावी.

अशा प्रयत्नांस केवढें यश येतें पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया अवकाशयान आकाशांत भंगलें. कल्पना चावला यांच्यासह सातहि जणांचा अंत झाला. अवशेषांत सांपडलेल्या एका जळक्या डिस्कवरून तज्ज्ञांनीं सुमारें ९९ टक्के माहिती परत मिळविली, व तीवरून यानांतील एका शास्त्रीय प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले.

तथापि उद्धारापेक्षां सावधगिरी स्वस्त. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. आजच एक प्रत करून ठेवा, इतकेंच आमचें सांगणें आहे.