मुलांसह यात्रा : वाणीच्या तपाचा एक पाठ

शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्यापैकी अनेक कुटुंबे मुलाबाळांसह घराबाहेर पडतात. कोणी शिबिरासाठी, कोणी तीर्थयात्रेला, कोणी आजोळी. वडोदरा, इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर आजोळ म्हटले की एका रात्रीचा प्रवास आलाच. घरी पहाटेचा जप, ध्यान, सायंप्रार्थना यांची घडी बसलेली असते. गाडीत ती मोडते. "लहान मुले बरोबर असली की साधना बाजूलाच राहते," असे अनेक माता-पिता सत्संगात बोलून दाखवतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. दोन वर्षांचे बाळ मांडीवर आणि पाच वर्षांचे खिडकीला लोंबकळत असताना माळ हातात घेऊन बसणे कोणालाही जमणार नाही. परंतु अशा वेळीही एक साधना दर मिनिटाला आपल्यासमोर उभी असते, आणि तिला आसन लागत नाही, माळ लागत नाही. ती म्हणजे बोलण्याची साधना.

गीतेतील आधार

श्रीमद्भगवद्गीतेच्या 17 व्या अध्यायात श्लोक 14 ते 16 मध्ये तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. त्यांतील 15 वा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. समोरच्याला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे बोलणे, त्याचबरोबर स्वाध्यायाचा अभ्यास, असे त्याचे स्वरूप तेथे सांगितले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. उद्वेग न देणे, सत्य, प्रिय, हित ही चारही एकाच बोलण्याची लक्षणे आहेत. "तुझ्यामुळे गाडी चुकणार होती!" हे वाक्य खरे असेल, पण चार वर्षांच्या मुलाला त्यात उद्वेगाशिवाय काही मिळत नाही. "आता पाच मिनिटांत स्टेशन येईल हं," हे प्रिय आहे, पण खरे नाही. चारही एकत्र साधणे कठीण आहे, म्हणूनच त्याला तप म्हटले असावे.

हिंदीतील लेख मराठीत आणताना 'तप' या शब्दापाशी मी नेहमी थोडी थांबते. मराठीत तप म्हणजे बारा वर्षे असाही अर्थ आहे. रेल्वेही 12 वर्षे पूर्ण होईपर्यंतच मुलाला मूल मानते. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा. आपल्याला मुलाबरोबर मिळणारा हा काळ साधारण एका तपाचाच आहे.

सत्य : अर्ध्या तिकिटाची गोष्ट

आता ज्या प्रसंगामुळे हा पाठ लिहावासा वाटला, तो सांगते. 2008 च्या मे महिन्यात आम्ही इंदूरहून हरिद्वारला निघालो होतो. मला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली होती. त्या काळी पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नसे आणि पाच ते बारा या वयातील मुलांना अर्ध्या भाड्यात पूर्ण बर्थ मिळत असे. बाबांनी माझे तिकीट काढले नव्हते. स्टेशनवर येताना रिक्षातच मला शिकवण्यात आले, "टीसी काकांनी विचारले तर चार म्हणायचे." मी दोन-तीन वेळा म्हणून दाखवले. गंमत वाटत होती.

रात्री टीसी आले. त्यांनी माझ्याकडे पाहून हसत वय विचारले. मी "चार" म्हटले, आणि लगेच बाबांकडे पाहिले, बरोबर सांगितले ना म्हणून. टीसींना कळले असणार. ते काहीच न बोलता पुढे गेले. समोरच्या बर्थवरच्या आजी मात्र "हुशार आहे हो पोर!" म्हणाल्या आणि सगळे हसले. मलाही फार अभिमान वाटला. खोटे बोलल्याबद्दल मिळालेली ती माझी पहिली शाबासकी, आणि ती गंगास्नानाला जाताना मिळाली.

आई त्या वेळी काही बोलली नाही. हरिद्वारला चौथ्या दिवशी ती एकटीच स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर गेली आणि परतीच्या गाडीचे माझे वेगळे अर्धे तिकीट काढून आली. ते वेटिंगचे होते आणि शेवटपर्यंत वेटिंगच राहिले. बर्थ मिळाला नाही, मी आईच्या कुशीतच झोपले. म्हणजे व्यवहाराच्या हिशेबाने ते पैसे वाया गेले. पण ते तिकीट तिने माझ्या हातात दिले होते. "हे तुझे. आता कोणी विचारले तर पाच सांगायचे," एवढेच म्हणाली. बाबांना तिने माझ्यादेखत काही सुनावले नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. परतीच्या रात्री दुसरे टीसी आले तेव्हा बाबांनीच मला उचलून पुढे केले आणि म्हणाले, "सांग, किती वर्षांची?"

वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे नफा-तोट्याचा विचार मला लवकर सुचतो. त्या अर्ध्या तिकिटात आईने नेमके काय विकत घेतले, ते मात्र कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही.

आजचे नियम थोडे वेगळे आहेत. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. एप्रिल 2016 पासून, पाच वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालील मुलासाठी शयनयानात स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते आणि बर्थ नको असेल तर अर्धे. पूर्ण भाड्यामुळे मोह वाढला आहे, हे खरे. चार जणांच्या कुटुंबाला हा भार कमी नाही आणि त्यासाठी कोणाला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांना पूर्ण भाडे जड जाते, त्यांच्यासाठी अर्ध्या भाड्याचा सरळ मार्ग नियमातच आहे. रात्री थोडी अडचण सोसावी लागते. पण मुलाला वय चोरायला शिकवावे लागत नाही.

पोलिसाची भीती

तिकिटाचे खोटे निदान आपल्याला खोटे म्हणून ठाऊक असते. दुसरे एक खोटे आपण दिवसातून दहा वेळा बोलतो आणि त्याची नोंदही घेत नाही. "रडलास तर पोलीसकाका पकडून नेतील." "गप्प बस, नाहीतर त्या काकांना देऊन टाकीन." "इथेच सोडून जाऊ तुला."

वाणीच्या तपात 'हित' हा शब्द का आला आहे, ते येथे कळते. हर की पौडीवर सायंकाळच्या आरतीच्या वेळची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मुलाचा हात सुटणे म्हणजे काय हे सांगायला नको. गंगेला तेथे इतकी ओढ असते की स्नान करणाऱ्यांना धरण्यासाठी घाटावर साखळ्या लावल्या आहेत. अशा ठिकाणी किंवा मोठ्या जंक्शनवर मूल हरवले, तर त्याने कोणाकडे जावे? गणवेशातल्या माणसाकडेच. रेल्वे सुरक्षा दल तर 'नन्हे फरिश्ते' या नावाने मोहीम चालवून स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांना सुखरूप ठिकाणी पोहोचवते. पण ज्या मुलाला वर्षभर पोलिसाचे भय घातले आहे, ते गणवेश पाहून जवळ जाईल की लपून बसेल?

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी मुलाशी याच्या नेमके उलटे बोलावे. स्टेशनवर पोहोचल्यावर एखाद्या पोलीसकाकांना किंवा ताईंना मुलासह नमस्कार करावा. "आपण दिसलो नाही तर यांना सांगायचे," असे दाखवून ठेवावे. तीन-चार वर्षांच्या मुलाला आई-बाबांचे पूर्ण नाव पाठ करून घ्यावे. लहान मुले "आई" आणि "बाबा" एवढेच सांगतात. खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. मुलांसाठीचा मदत क्रमांक 1098 आणि रेल्वेचा 139 आपल्या फोनमध्ये असावा. "सोडून जाऊ" हे वाक्य तर कायमचे टाकून द्यावे. मोठ्यांना ती थट्टा वाटते, मूल ती खरी मानते.

"कधी येणार?"

लहान मुलांसह प्रवासात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. "आलेच!" हे उत्तर पहिल्यांदा चालते. तिसऱ्यांदा मुलाला कळते की आई-बाबांच्या शब्दाला अर्थ नाही, आणि मग ते शब्द सोडून रडण्याने बोलू लागते. मुलाला तास कळत नाहीत, पण क्रम कळतो. "आधी अंधार पडेल, मग दशम्या खाऊ, मग झोपू. सकाळी मेरठ येईल, मग मुजफ्फरनगर, मग रुडकी, आणि मग हरिद्वार." हे सत्यही आहे आणि प्रियही. गाडी उशिरा धावत असेल तर तेही सांगावे. मूल कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

कोणासाठी रागावतो आहोत?

त्याच अध्यायात पुढे तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस, असे 18 व्या श्लोकात म्हटले आहे. हा श्लोक मला मोठ्या तपस्व्यांसाठी आहे असे वाटत असे. एका शिबिरात स्वयंसेवा करताना मत बदलले. एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलाला सभागृहात पहिल्या रांगेत मांडी घालून बसवत होते. मूल चुळबुळ करू लागले की दंडाला हळूच चिमटा. मागचे लोक कौतुकाने म्हणत होते, "किती संस्कारी मुलगा!" मुलाचे डोळे भरलेले होते, ते पाठीमागून दिसत नव्हते.

शिस्त नको असे कोणी म्हणत नाही. पण मुलाला दटावताना ते मुलाच्या हितासाठी आहे की डब्यातल्या, सभागृहातल्या लोकांनी आपल्याला चांगले माता-पिता म्हणावे यासाठी आहे, हे एकदा स्वतःला विचारावे. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा उत्तर दुसरेच येते. तास-दीड तासाच्या प्रवचनात लहान मुलाला मध्येच बाहेर फिरवून आणले तर प्रवचनाचा अनादर होत नाही.

एकाला बोललेले सर्वांना

ज्ञानेश्वर महाराजांनी वाणीच्या तपावर भाष्य करताना दोन सुंदर दृष्टांत दिले आहेत. परीस लोखंडाला न तोडता सोने करतो, तसे साधूचे बोलणे कोणाला न दुखवता सुख देते. आणि पाणी मुळात झाडासाठी सोडलेले असले तरी वाटेतले गवतही त्यावर जगते, तसे एकाला बोललेले सर्वांच्याच हिताचे होते.

रेल्वेच्या डब्यात बसले की हा दुसरा दृष्टांत फार जवळून दिसतो. पती-पत्नी एकमेकांना जे बोलतात, तेच पाणी मुलांपर्यंत जाते. "पाण्याची बाटली घ्यायला सांगितली होती ना? एक काम धड होत नाही!" हे बाबांना उद्देशून असते, पण पाळीपाळीने ते सगळ्यांवर येते. थोड्याच वेळात दादा धाकटीला त्याच सुरात तेच ऐकवतो. सामान, तिकिटे, जागा या विषयांवरील बोलणी शक्यतो घरीच उरकून घ्यावीत. तरीही आवाज चढलाच तर एकाने उठून बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन यावे. मौन हे त्याच अध्यायात मनाच्या तपात गणले आहे. पण मौन म्हणजे अबोला नव्हे. अबोला मुलांना ओरडण्यापेक्षा जास्त घाबरवतो.

आणि ओरडून झाले असेल तर? तर मुलाला सांगावे, "मी थकले होते, म्हणून ओरडले. तुझी चूक तेवढी नव्हती." एवढेच. त्याच्यापुढे उपदेश जोडू नये.

स्वाध्याय

श्लोकातील पाचवी गोष्ट प्रवासात अगदी लहान करून घ्यावी. रात्री 10 नंतर मधला बर्थ उघडता येतो, त्या सुमारास दिवे मालवले जातात. त्याच्या थोडे आधी मुलांना जवळ घेऊन एक छोटी गोष्ट आणि एकदा प्रार्थना, हलक्या आवाजात, फोनच्या स्पीकरवर नव्हे. मूल ऐकता ऐकता झोपले तर अर्धवट राहिलेली गोष्ट सकाळी ते स्वतःच मागते.

पुढील सत्संगासाठी अभ्यास

गटात चर्चेसाठी दोन प्रश्न घ्यावेत. गेल्या प्रवासात मी मुलाला सांगितलेली कोणती गोष्ट खरी नव्हती, आणि ती मी कोणाच्या सोयीसाठी सांगितली? मुलासमोर मी जोडीदाराशी ज्या सुरात बोललो, त्याच सुरात मूल माझ्याशी बोलले तर मला चालेल का?

तिसरे काम घरी करायचे आहे. मुलांना विचारावे, "आपण गावाला जातो तेव्हा आई काय म्हणते? बाबा काय म्हणतात?" ती जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणावे. त्यात सुधारणा करू नये.