लवचिक सौर पॅनेल आणि त्याचा आधारपट

सूर्यप्रकाशापासून वीज घेण्याची पद्धत आता शेतकऱ्यास नवी राहिलेली नाही. २०१९ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम-कुसुम योजनेमुळे सौर पंप अनेक गावांत पोहोचले आहेत. या पंपांना जोडलेली पॅनेल काचेची, जड व ताठ असतात. अलीकडे वाकविता येणारी, वजनाने हलकी पॅनेलही बाजारात मिळतात. गोठ्याचे जुने छप्पर जेथे काचेचे ओझे पेलू शकत नाही, तेथे ती सोयीची वाटतात. परंतु पैसे गुंतविण्यापूर्वी त्यांची रचना समजून घेणे जरूर आहे.

आधारपट म्हणजे काय?

नेहमीच्या पॅनेलमधील सिलिकॉनच्या चकत्या सुमारे १५० ते १८० मायक्रॉन जाड असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय. पातळ थराच्या सौर घटात प्रकाश शोषणारा थर बहुधा एक ते तीन मायक्रॉनच असतो. एवढा पातळ थर स्वतःच्या बळावर टिकत नाही. तो ज्यावर चढवितात त्यास आधारपट म्हणतात. जमिनीचा मगदूर पाहून पीक घ्यावे लागते, त्याचप्रमाणे आधारपटाचा गुण पाहून घट तयार करावा लागतो.

लवचिक घटांसाठी मुख्यतः दोन आधारपट वापरतात. पोलादाचा पातळ पत्रा उष्णता चांगली सोसतो. मात्र घट तयार करताना तापलेल्या पत्र्यातील लोह वरच्या थरात शिरून वीज घटते. म्हणून मध्ये एक रोधक थर द्यावा लागतो. दुसरा आधारपट पॉलिइमाइड या प्लास्टिकचा. तो अतिशय हलका असतो, परंतु सुमारे ४५० अंश सेल्सिअसपलीकडे त्यास तापविता येत नाही. तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांचा थर काचेवर चढविताना सुमारे ५५० अंश उष्णता देतात. शिवाय साध्या काचेतून या थरास उपकारक असे सोडियम आपोआप मिळते. प्लास्टिकवर ते वेगळे द्यावे लागते. जमिनीत उणे असलेले अन्नद्रव्य खतातून पुरवावे, तसाच हा प्रकार. या अडचणींवर मात करून स्वित्झर्लंडमधील एम्पा या संस्थेने प्लास्टिकवरील लहान घटात २०१३ साली २०.४ टक्के व २०२२ साली २२.२ टक्के कार्यक्षमता मिळविली. हे आकडे प्रयोगशाळेतील आहेत, छपरावरील नव्हेत.

ओल आणि उष्णता

काचेतून पाण्याची वाफ आत जात नाही. साध्या प्लास्टिकमधून हळूहळू जाते व घट खराब करते. कोकणपट्टीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. विलेपार्ल्याला लागून असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असा दिवस क्वचितच येतो. पण चार महिन्यांची दमट हवा दरवर्षी येते. त्यामुळे वरचे आवरण व कडांची बंदिस्ती उत्तम नसेल, तर उत्तम आधारपटही निरुपयोगी ठरतो.

दुसरा शत्रू उष्णता. विलेपार्ल्यापासून जवळच, पवईच्या आय. आय. टी. मध्ये २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने देशभरातील पॅनेलांची पाहणी केली. उष्ण प्रदेशांतील व छपरांवरील पॅनेल अधिक वेगाने खालावतात, असे तीत आढळले. लवचिक पॅनेल पत्र्यावर सरळ चिकटविल्यास खालून वारा खेळत नाही व ते अधिक तापते.

खरेदी करताना

१. आधारपट कोणता व घट कोणता, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बाजारातील पुष्कळ लवचिक पॅनेलांत सिलिकॉनच्या चकत्याच प्लास्टिकमध्ये बसविलेल्या असतात. ती जास्त वाकविल्यास चकत्यांना तडे जातात.

२. हमी किती वर्षांची व ओलीमुळे झालेला बिघाड तीत येतो किंवा नाही, हे पाहावे.

३. गंजलेल्या पत्र्यावर पॅनेल चिकटवू नये. उत्पादकाची संमती असल्यास खाली हवेसाठी फट ठेवावी.

४. पॅनेलवर पाय देऊ नये. पावसाळ्यापूर्वी कडा तपासाव्यात.

पंपासाठी मोकळी जागा व भक्कम सांगाडा असल्यास काचेचे पॅनेलच घेणे हिताचे आहे. छप्पर कमजोर असेल तेथेच लवचिक पॅनेलाचा विचार करावा, आणि तोही आधारपटाची खात्री पटल्यावरच.