सशाची कातडी आणि बंद खोलीतली शेगडी

निपाणीजवळ आमचं शेत आहे आणि शेतातच घर. वर पत्रा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या वेळी पत्रा असा गार पडतो, की आईचे गुडघे आखडून जायचे. आधी दोन हजार वॅटचा हीटर आणला. रोज पाच तास चालला की दहा युनिटं, म्हणजे महिन्याला तीनशे. पहिलं बिल आलं आणि हीटर माळ्यावर गेला.

गोठ्याशेजारी न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे मांसासाठी पाळलेले होते. त्यांची कातडी उकिरड्यात पुरायचो. एवढी मऊ लव वाया का घालवायची, आईला त्याचंच पांघरूण करू, असं मनाने घेतलं. हेतू चांगला होता, पण नीट माहिती न घेता मी कामाला लागलो.

आमच्या भागात कातडं कमावण्याची विद्या जुनी. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीने बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. चुना, बाभळीची साल, हिरडा ही नावं लहानपणापासून कानावर होती. तेवढ्यावर मी चार कातडी चुन्याच्या निवळीत घातली. तिसऱ्या दिवशी हात घातला तर लव मुठीमुठीने निघून आली.

चपला करणाऱ्या ओळखीच्या मामांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, चुना असतोच केस काढायला. चपलेला केस नकोत म्हणून आम्ही तो वापरतो. तुला केस ठेवायचेत, मग चुन्याला हात कशाला लावलास?" बाभळीची साल आणि हिरडा कातडं पिकवतात, चुना त्याआधी केस सोडवतो. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

पुढची कातडी मीठ-तुरटीत केली. आठ लिटर पाण्यात पाव किलो मीठ आणि पाव किलो तुरटी, दोन दिवस. मग मांसाच्या बाजूचा पातळ पापुद्रा बोथट सुरीने सोलायचा आणि पुन्हा तशाच ताज्या पाण्यात आठवडाभर ठेवून रोज ढवळायचं. भांडं प्लॅस्टिकचं, हातात रबरी मोजे. पापुद्रा राहिला तिथे तुरटी आत शिरत नाही आणि ती जागा कुजते. माझी दोन कातडी अशीच गेली. तीन महिन्यांच्या सशाचं कातडं तर इतकं पातळ, की सोलतानाच फाटायचं.

खरी चूक वाळवताना झाली. आभाळ भरून आलं, बाहेर काही वाळेना. मी कातडी आतल्या खोलीत दोरीवर टांगली, खाली कोळशाची शेगडी ठेवली आणि गारवा येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. खोली ऊबदार झाली म्हणून आईचं अंथरूणही तिथेच घातलं. पहाटे मला जाग आली ती डोकं फुटेल अशा दुखण्याने आणि मळमळीने. आईला हाक मारली तर ती नीट ओ देईना. दार-खिडकी उघडून तिला अंगणात आणलं, तसंच दवाखान्यात नेलं. ती वाचली. आणखी तासभर झोपलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून झोप उडवतो.

कोळसा लाल झाला, धूर थांबला, आता भीती नाही, असं आपल्याकडे सगळेच मानतात. हा समज जीव घेणारा आहे. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते.

दोरीवरची कातडी त्या आचेने आखडून पापडासारखी कडक झाली होती. कातडं सावलीत वाऱ्यावर वाळवायचं असतं आणि अर्धवट ओलं असतानाच ताणून, चोळून मऊ करायचं असतं. शिवाय तुरटीने कमावलेलं कातडं पाण्यात टिकत नाही, म्हणजे पांघरूण धुताही येणार नाही. एका माणसाच्या पांघरुणाला तीस-पस्तीस कातडी लागतील. माझ्या हाती तीन लागली होती.

घरचे ससे पुरत नाहीत म्हणून रानातल्या सशाकडे कुणी वळू नये. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.

शेवटी धनगराकडून एक घोंगडं घेतलं. दख्खनी मेंढीची ती जाडीभरडी लोकर, चिंचोक्याची खळ दिलेली. नवं असताना टोचतं, म्हणून आईच्या अंगावर आधी जुन्या लुगड्यांची वाकळ आणि वर घोंगडं. पत्र्याखाली बांबूचा तट्ट्या बांधला, रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. विजेचं बिल त्यापायी वाढलं नाही.

तुमच्या घरी थंडीत शेगडी पेटत असेल, तर आज झोपण्याआधी ती उचलून अंगणात ठेवा. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर हे काम दुसऱ्या कुणावर सोपवू नका, स्वतः उठा.