शाळेचे छप्पर, पाऊस आणि पर्जन्यकुंडी

पाऊस पडून गेला की शाळेचे अंगण लवकर कोरडे व्हावे, अशी प्रत्येक शाळेची इच्छा असते. अंगणात फरशी बसवावी, गच्चीवरील पाणी नळाने खाली आणावे आणि तेथून ते रस्त्याकडेच्या गटारात सोडून द्यावे, ही आजवरची सर्वमान्य पद्धत होय. या पद्धतीने शाळा कोरडी होते यात शंका नाही; परंतु शाळेतून गेलेले पाणी त्यामुळे नाहीसे होत नाही. ते उताराने वाहत जाऊन खाली कोणाच्या तरी दारी उभे राहते. हे पाणी जागच्या जागी काही काळ थोपवून धरण्याचा एक साधा उपाय म्हणजे पर्जन्यकुंडी. तिचे कार्य समजण्यासाठी बंगळूर शहरातील इंदिरानगर या वस्तीचे उदाहरण घेणे सोयीचे होईल.

शहराचा उतार

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसले आहे. शहराजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. माथ्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस वृषभावती व अर्कावती यांच्या मार्गे कावेरीस मिळतो, तर पूर्वेकडील पाऊस दक्षिण पिनाकिनी नदीस जाऊन मिळतो. पूर्वीच्या लोकांनी या उतारांवर ठिकठिकाणी बांध घालून तलाव केले व ते नाल्यांनी एकमेकांस जोडले. अशा तलावास कन्नड भाषेत ‘केरे’ आणि मोठ्या नाल्यास ‘राजकालुवे’ असे म्हणतात. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई. अशा रीतीने पाणी टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत खाली उतरत असे.

इंदिरानगर हे शहराच्या पूर्व भागात आहे. १९७० नंतरच्या दशकात ही वस्ती आखली गेली. तेथील पावसाचे पाणी कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यातून बेळ्ळंदूर तलावात, पुढे वर्तूर तलावात आणि अखेर दक्षिण पिनाकिनीत जाते. या वाटेवरील विश्रामस्थाने मात्र कमी झाली आहेत. चल्लघट्ट येथील तलावाच्या जागी आज गोल्फचे मैदान आहे. जेथे एकेकाळी माती होती तेथे गच्च्या, फरश्या व डांबरी रस्ते आले आहेत.

बंगळूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या मानाने हा पाऊस निम्म्याहूनही कमी आहे. असे असूनही सप्टेंबर २०२२ च्या आरंभी एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बेळ्ळंदूरच्या परिसरातील रस्ते व घरे जलमय झाली. पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात याच शहरास तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली. पिण्यासाठी कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावयाचे, आणि डोक्यावर पडलेले पाणी मात्र घाईघाईने घालवून द्यावयाचे, अशी ही विसंगती आहे.

पुराचे खरे कारण

पूर येतो तो केवळ पाणी पुष्कळ असते म्हणून नव्हे. पुष्कळ पाणी एकाच वेळी एका ठिकाणी पोहोचते म्हणून येतो. मोकळ्या मातीवर पडलेल्या पावसाचा काही भाग मुरतो, काही भाग खळग्यांत साचतो, आणि उरलेला सावकाश वाहू लागतो. गच्चीवर पडलेला पाऊस मात्र जवळजवळ सर्वच्या सर्व काही मिनिटांत नाल्यात जातो. शेकडो गच्च्यांचे पाणी असे एकदम आले म्हणजे नाल्याची रुंदी अपुरी पडते.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले होते. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत अतोनात हानी झाली. तेव्हा शहराच्या वरच्या बाजूस जलाशय बांधून पुराचे पाणी तेथे अडवावे आणि मग बेताने सोडावे, अशी योजना त्यांनी सुचविली. १९२० मध्ये पूर्ण झालेला उस्मान सागर हा त्याच योजनेचे फळ होय. पर्जन्यकुंडी म्हणजे हेच तत्त्व एका नळाच्या मापाने योजणे.

कुंडीची रचना

भिंतीलगत विटांची किंवा काँक्रीटची सुमारे १ मीटर उंचीची पेटी बांधतात. तिच्या तळाशी ३० सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर असतो. त्यावर बारीक खड्यांचा पातळ थर देतात, म्हणजे वरची माती खडीत उतरत नाही. त्यावर ४५ सेंटीमीटर मातीचे मिश्रण भरतात: वाळू तीन भाग, स्थानिक माती एक भाग आणि कुजलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग. मातीच्या वर सुमारे १५ सेंटीमीटर जागा पाणी साचण्यासाठी मोकळी ठेवतात.

गच्चीवरून येणारा नळ कापून त्याचे तोंड कुंडीत सोडतात. धारेने माती उखडू नये म्हणून तिच्याखाली चपटे दगड मांडतात. खडीच्या थरात छिद्रे पाडलेला एक नळ आडवा ठेवलेला असतो. त्याचे बाहेरचे तोंड मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे पाणी सावकाश निघते. याखेरीज साचण्याच्या पातळीवर, परंतु कुंडीच्या काठाच्या खाली, सांडव्याचा एक रुंद नळ असावाच लागतो. सांडवा नसलेली कुंडी ही सांडवा नसलेल्या धरणासारखीच धोक्याची होय.

कुंडी भिंतीस लागून असेल तर तिचा तळ जलाभेद्य करावा. नाही तर पाया ओला होतो. इमारतीपासून किमान ३ मीटर दूर जागा असेल तर तळ मोकळा ठेवून पाणी जमिनीत मुरू द्यावे. भरलेल्या कुंडीचे वजन कित्येक टन होते. म्हणून ती जमिनीवरच बांधावी, सज्जावर नव्हे.

थोडा हिशेब

गच्चीच्या १०० चौरस मीटर भागाचे पाणी एका नळाने येते असे समजू. दोन तासांत २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या नळातून २५०० लिटर पाणी येईल. कुंडी ४ मीटर लांब व दीड मीटर रुंद, म्हणजे ६ चौरस मीटर आहे. तिच्यातील मातीत ताशी १० सेंटीमीटर पाणी मुरते असे धरल्यास दोन तासांत १२०० लिटर पाणी माती व खडी यांत उतरेल. मातीवर ९०० लिटर साचेल. म्हणजे २१०० लिटर पाणी अडले आणि ४०० लिटर सांडव्यावाटे गेले.

तोच पाऊस अर्ध्या तासात पडला तर? माती केवळ ३०० लिटर घेईल, वर ९०० साचेल, आणि निम्म्याहून अधिक पाणी सांडव्यातून जाईल. आणि १३० मिलिमीटरच्या रात्री याच नळातून १३,००० लिटर पाणी येईल. तेव्हा ही कुंडी लवकरच तुडुंब भरेल. यावरून तिची मर्यादा स्पष्ट होते. नेहमीच्या सरींचा भार ती हलका करते. महापुराचे निवारण एकटी करू शकत नाही. त्यासाठी नाले मोकळे व तलाव शाबूत असणे आवश्यकच आहे.

पाणी साठविणे हेही तिचे काम नव्हे. बंगळूर येथे २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ठराविक आकाराहून मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठविणे किंवा मुरविणे बंधनकारक करण्यात आले. शाळेत अशी टाकी असल्यास तिच्या सांडव्याचे पाणी कुंडीत सोडावे. दोन्ही साधने एकमेकांस पूरक आहेत.

निगा

पाणी साचले की डासांची शंका येते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः एक आठवडा लागतो. १५ सेंटीमीटर पाणी वरील मिश्रणात दीड तासात मुरते. कुंडीत दुसऱ्या दिवशीही पाणी उभे दिसले, तर वरचा गाळ काढून माती भुसभुशीत करावी आणि नळ तुंबला आहे काय ते पाहावे. पावसाळ्यात दर आठवड्यास पाने व कचरा काढावा. कुंडीत मैलापाणी कदापि सोडू नये.

ओल व कोरड दोन्ही सोसणाऱ्या वनस्पती निवडाव्यात. वाळा व कर्दळ या योग्य आहेत. डिसेंबरपासून मार्चपर्यंत बंगळुरास पाऊस अत्यल्प असतो. त्या काळात झाडांना अधूनमधून पाणी घालावे लागते.

अन्यत्र आलेला अनुभव

अमेरिकेतील पोर्टलँड शहरात माउंट टेबर या शाळेच्या परिसरातील नाल्यांना पाऊस पेलेना आणि घरांच्या तळघरांत पाणी शिरे. २००६ मध्ये शाळेच्या डांबरी वाहनतळाचा काही भाग खोदून तेथे पर्जन्यबाग करण्यात आली, आणि छपराचे व अंगणाचे पाणी तिच्यात वळविण्यात आले. तेथील पाऊस बहुधा रिमझिम असतो, बंगळूरचा धो धो कोसळतो; म्हणून तेथील मापे जशीच्या तशी उचलणे योग्य नव्हे. आपल्या गच्चीचे क्षेत्रफळ व आपल्या मातीची शोषणशक्ती मोजूनच कुंडी आखावी.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

सारख्या आकाराचे दोन डबे घ्यावेत व प्रत्येकाच्या तळाशी एक भोक पाडावे. एक डबा रिकामा ठेवावा. दुसऱ्यात खाली खडी व वर वाळूमिश्रित माती भरावी. दोहोंत एक-एक लिटर पाणी सारख्याच वेगाने ओतावे. पहिला थेंब केव्हा पडला, शेवटचा केव्हा पडला आणि एकूण किती पाणी बाहेर आले, याची नोंद करावी. त्यानंतर शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून प्रत्येक सरीची नोंद घ्यावी आणि गच्चीचे क्षेत्रफळ मोजून आपली शाळा एका सरीत किती लिटर पाणी खालच्या वस्तीकडे पाठविते, ते काढावे. कुंडी कोठे व केवढी बांधावी, हे त्याच आकड्यावरून ठरेल.