‘शिशुपालवध’ आणि निवृत्तीची शिस्त

धर्माचे नियम पाळणाऱ्या माणसाने काव्यात, गाण्यात, नाटकात किती रमावे, हा वाद आज नवा वाटतो. पण मराठीत तो सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. आमचे घर महानुभाव पंथाचे आणि त्यात मला कविता करण्याचा नाद. बालाघाटला आजी म्हणते, ‘हे आपल्या मार्गातले नव्हे रे बाबा.’ म्हणून या विषयाकडे मी केवळ परीक्षेपुरता पाहू शकत नाही.

भास्करभट्ट बोरीकर हे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे महानुभाव कवी. चक्रधरस्वामींनी सांगितलेला मार्ग निवृत्तीचा. घरदार, गाव, आप्त यांचा संबंध सोडावा, भिक्षा मागावी, परमेश्वराचे स्मरण करावे, असा. अशा मार्गात आलेल्या या विद्वानाने ‘शिशुपालवध’ लिहिले. नावावरून वाचकाला वाटेल की यात युद्ध असणार. पण हजारावर ओव्यांच्या या काव्यात कवीचे मन खरे रमते ते श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या प्रेमात, विरहात आणि वसंताच्या वर्णनात. शिशुपाल बिचारा शेवटी येतो आणि मरतो.

काव्य पुरे झाल्यावर ते त्यांनी एका गुरुबंधूला दाखविले. त्याचा अभिप्राय महानुभावांनी जपून ठेवला आहे. त्याचे तात्पर्य असे की ग्रंथ चांगलाच उतरला आहे, पण तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही. संसारात असलेल्या रसिकांना तो शोभेल. मला या अभिप्रायातील प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. शृंगार नियमात बसत नाही म्हणून त्याने काव्याला वाईट म्हटले नाही आणि काव्य चांगले आहे म्हणून नियमही सैल केला नाही. एवढे सरळ परीक्षण आजच्या वर्तमानपत्रांतही क्वचितच वाचायला मिळते. असो.

भास्करभट्टांनी पुढे काय केले? पोथी जाळली नाही आणि भांडलेही नाहीत. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली. तिच्यात श्रीकृष्णाने उद्धवाला केलेला वैराग्याचा उपदेश आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर माझ्या मते कवित्वाचा रंग पहिल्यात गडद आहे. दुसऱ्यात कवी सावध आहे. विद्वानांचे मत वेगळे असू शकेल.

आता पंथाने या दोहोंचे काय केले ते पाहावे. वाणिज्य शाखेत असल्यामुळे मला जमाखर्च पाहण्याची सवय आहे. महानुभावांचे मान्य काव्यग्रंथ सात, त्यांना ‘सातीग्रंथ’ म्हणतात. त्यांत ‘उद्धवगीता’ आहे आणि ‘शिशुपालवध’ही आहे! निवृत्तांना न शोभणारा म्हटलेला ग्रंथ निवृत्तांनीच सांकेतिक लिपीत नकलून शतकानुशतके सांभाळला. विसाव्या शतकात राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि पुढे वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी हे वाङ्मय सर्वांसमोर आणले.

याच सात ग्रंथांतील नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची कथाही प्रसिद्ध आहे. रामदेवराय यादवाने ते काव्य आपल्या नावावर मागितले आणि ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने नकार दिला, असे सांगतात. महदंबेची गोष्ट उलट आहे. तिचे ‘धवळे’ गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेतून, त्यांच्याच समोर ऋद्धिपुरास गायले गेले. तेथे गाणे गुरूनेच मागितले होते.

माझी आई धारवाडकडची, त्यामुळे कानडी विभागातील मित्रांची एक कथाही मला ठाऊक आहे. कवी हरिहर होयसळांच्या दरबारी हिशेबनीस होता. (आमच्याच धंद्यातला!) मनुष्याची स्तुती करायची नाही, शिवाचेच गायचे, म्हणून तो नोकरी सोडून हंपीस गेला, अशी परंपरा आहे. त्याचा भाचा राघवांक. त्याने ‘हरिश्चंद्रकाव्य’ रचले, तेव्हा शिवभक्तांना सोडून एका राजाचे गाणे गायिल्याबद्दल मामाने संतापून त्याचे दात पाडले आणि पुढे शिवभक्तांची चरित्रे लिहिल्यावर ते परत आले, असे सांगतात. दातांचे खरे-खोटे कोणी पाहावे? पण कानडी वाचकांनी राघवांकाचे सर्वांत जास्त कौतुक केले ते त्या ‘हरिश्चंद्रकाव्या’चेच.

आमच्याकडे दात कोणाचे पडले नाहीत. भास्करभट्ट पंथात ‘कवीश्वर’ म्हणून ओळखले गेले, आणि महानुभावांची जी कवीश्वर आम्नाय आजही आहे, ती त्यांच्याच नावाची.