संगणकाची कच्ची वही

निपाणीच्या तंबाखूपेठेत वडीलधाऱ्यांसमवेत ज्यांनी एखादी दुपार घालविली असेल, त्यांना कच्ची वही व खतावणी यांतील भेद सांगावयास नको. माल येताच नोंद कच्च्या वहीत घाईने होई. सवडीने ती खतावणीत चढविली जाई. मधल्या वेळी कोणी केवळ खतावणी पाहून हिशेब केला, तर तो चुकणारच.

आर्म पद्धतीच्या लघुसंगणकांत हाच प्रकार घडतो. या पद्धतीचा पहिला प्रोसेसर १९८५ साली इंग्लंडातील केंब्रिज येथे एकॉर्न या कंपनीत चालू झाला. आज तिचे वंशज घरोघरच्या मोबाइल फोनांत आहेत. तिच्या कॉर्टेक्स-एम७ या प्रकारात प्रोसेसरच्या अगदी जवळ कॅशे नामक लहान, पण अतिशय चपळ साठा ठेवता येतो. मुख्य स्मृतीतील मजकूर ३२ बाइटांच्या ओळींनी त्यात येतो. आज्ञांची कॅशे वेगळी व माहितीची वेगळी. आणि एकीत काय बदलले याचा दुसरीस पत्ता नसतो. सारी मेख येथेच आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. तेथील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) अभ्यासक्रमात कॉर्टेक्स-एम३ शिकविला गेला आहे, आणि त्या प्रोसेसरच्या पोटात कॅशे नसते. एम७ हाती आला तेव्हा ही अडचण त्याच्या स्वप्नातही नव्हती. त्याने बूटलोडर लिहिला होता, म्हणजे वीज येताच प्रथम चालणारी व मुख्य आज्ञावलीस जागे करणारी छोटी आज्ञावली. ती तारेवरून नवी आज्ञावली घेई, स्मृतीत उतरवी आणि तिच्यात उडी घेई. लहान आज्ञावली आरंभीच कोसळे. मोठी थोडी चालून मध्येच थांबे. दोन रात्री त्याने तारा तपासण्यात दवडल्या. मी कलाशाखेचा पदवीधर, मला त्यातले काय उमगणार! पण पुढे त्याने कारण सांगितले, तेव्हा मला कच्ची वहीच आठवली. नवा मजकूर माहितीच्या कॅशेत लिहिला गेला होता, स्मृतीत चढलाच नव्हता. आज्ञा आणणारा भाग मात्र खतावणी उघडून जुनेच वाचीत होता. मोठ्या आज्ञावलीच्या आरंभीच्या बहुतेक ओळी कॅशेत जागा न उरल्याने स्मृतीत ढकलल्या गेल्या, म्हणून ती चार पावले तरी चालली.

यावर उपाय क्रमाचा आहे. माहितीच्या कॅशेतील नोंदी प्रथम स्मृतीत उतरवाव्या. डीएसबी ही आज्ञा देऊन ते काम पुरे होईतो थांबावे. आज्ञांची कॅशे रद्द ठरवावी. पुन्हा डीएसबी, मग आयएसबी, आणि नंतरच उडी. वीज आल्यावर कॅशे सुरू करण्यापूर्वीही ती रद्द ठरवावी लागते, कारण तेव्हा तिच्यात कोणता कचरा असेल याचा नेम नसतो.

कोणती स्मृती कॅशेत आणावी व कोणती आणू नये, हे स्मृतिरक्षकास म्हणजे एमपीयूस सांगावयाचे असते. उपकरणांचे पत्ते कॅशेत आणले, तर तापमान बदलले तरी वाचणाऱ्यास जुनाच आकडा मिळेल. एम७ मध्ये ८ किंवा १६ विभाग आखता येतात. विभाग किमान ३२ बाइटांचा, पुढे ६४, १२८ असा दुपटीने वाढणारा. आणि त्याचा आरंभ स्वतःच्या आकाराच्या पटीतच हवा. ६४ किलोबाइटांचा विभाग ४० किलोबाइटांवर सुरू होत नाही. नवशिका येथे हमखास ठेचाळतो. दोन विभाग एकमेकांवर आले, तर मोठ्या क्रमांकाचा नियम चालतो. स्टॅकच्या पायथ्याशी ३२ बाइटांची प्रवेशबंद पट्टी टाकावयाची ती याच आधारे.

आमच्या विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात साऱ्या चल स्मृतीवर 'येथून आज्ञा चालवू नये' असा नियम घातला, आणि यंत्र पुन्हा बंद पडले. नवी आज्ञावली त्याच स्मृतीत उतरत होती! मग उडीपूर्वी त्याने इंटरप्ट थांबविले, एमपीयू बंद केला, व्हेक्टर टेबलचा पत्ता व स्टॅकचा आरंभ नव्या आज्ञावलीप्रमाणे भरला, तेव्हा कोठे फळीवरील हिरवा दिवा लुकलुकू लागला.