भीतीचा विसार

चि. सानिका हिस,


कॉलेजच्या फिल्म महोत्सवात भयपटांची पोस्टरं आणि ट्रेलर तपासायला तुला परीक्षक नेमलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. मार्क 'किती घाबरवलं' यावर देणार आहेस म्हणे. हा निकष आधी खोडून टाक. काळोख्या हॉलमध्ये अचानक पत्रा आपटला तरी माणूस दचकतो. त्यात ट्रेलर कापणाऱ्याचं कसब ते काय?

पोस्टर आणि ट्रेलर म्हणजे सिनेमाचा विसार. तिकीट काढणाऱ्याला कसली भीती कबूल केली आहे, ते बघ. भूत हुबेहूब आहे की नाही, हा मुद्दा गौण. १९७९ च्या 'एलियन'चं पोस्टर नेटवर काढ. काळ्या पार्श्वभूमीवर एक अंडं, खाली तडा गेलेला आणि त्या फटीतून पिवळट-हिरवा उजेड. सिनेमातली अंडी अशी मुळीच नाहीत. ती चामड्यासारखी, वरून पाकळ्या उलगडाव्यात तशी उघडणारी. म्हणजे पोस्टर सरळ सरळ थाप मारतंय. तरी मी त्याला पैकीच्या पैकी देईन, कारण आत काहीतरी वाढतंय आणि ते बाहेर येणार आहे, ही त्या सिनेमाची सगळी धास्ती त्या फटीत उतरलीय. 'एक्झॉर्सिस्ट'चं (१९७३) पोस्टर मात्र सिनेमातल्याच दृश्याचं. रस्त्यावरच्या दिव्यापाशी हॅट घातलेला, हातात बॅग घेतलेला पाद्री, आणि खिडकीतून त्याच्यावर पडलेला उजेडाचा झोत. झपाटलेली पोरगी कुठेही नाही. तिच्या खोलीत जायचंय, एवढंच कळतं, आणि तेवढं पुरतं.

ट्रेलरसाठी 'सायको'चं (१९६०) जरूर बघ. सहा मिनिटांहून मोठं आहे, कंटाळू नकोस. खुद्द हिचकॉक तुम्हाला मोटेल आणि मागचं घर दाखवत फिरतो, एखाद्या जागेच्या दलालाच्या थाटात. जिन्याशी थांबतो, इथे काय घडलं ते सांगायला लागतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडून देतो. शेवटी बाथरूम. पडदा सर्रकन बाजूला आणि किंकाळी. गंमत म्हणजे किंचाळणारी बाई सिनेमाची नायिका जॅनेट ली नाहीच. विग घातलेली व्हेरा माइल्स आहे. मूळ सिनेमातला एक प्रसंगसुद्धा खर्च न करता त्याने लोकांना दारापर्यंत आणलं. आजचं ट्रेलर अडीच मिनिटांत सगळं उरकतं: नवं घर, पहिली चाहूल, मांत्रिक, आणि शेवटी कॅमेऱ्यावर झेपावणारा चेहरा. मग थिएटरात तो चेहरा येतो तेव्हा ओळखीचा झालेला असतो.

सगळं लपवावं असंही नाही. 'लपाछपी' (२०१७) आपण सगळ्यांनी मिळून पाहिला होता. उसाच्या फडातलं ते घर आणि पोटुशी बाई दाखवणं सोपं. पण तिथल्या भीतीचं मूळ मुलींना मारण्यात आहे. ते ट्रेलरमध्ये सांगितलं तर सिनेमाचा जीव जातो, अजिबात सूचित केलं नाही तर उरतो नेहमीचा भूतबंगला. अशा ठिकाणी कापणाऱ्याची खरी परीक्षा असते, आणि तुझीही. त्याने कुठे हात आखडला, ते शोध.

तुम्हा पोरांना रामसे बंधूंच्या पोस्टरांचं हसू येतं. हसा, पण मार्क कापू नका. 'पुराना मंदिर'च्या (१९८४) पब्लिसिटीने राक्षस कबूल केला आणि पडद्यावर राक्षसच दिला. व्यवहार चोख. त्यापेक्षा मला राग येतो तो निळसर धुकं, एकटी खुर्ची, पाठमोरी मुलगी अशा 'तरल' पोस्टरांचा. नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही सिनेमाचं टाका, चालून जाईल.

तपासताना ट्रेलर एकदा आवाज बंद करून बघ, एकदा पाठ फिरवून नुसतं ऐक. आवाज काढल्यावर काहीच उरलं नाही, तर मार्क साउंडवाल्याचे. पोस्टर मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघ, मग भिंतीला लावून हॉलच्या दुसऱ्या टोकाहून. दोन्हीकडून पहिली नजर एकाच जागी पडायला हवी. अक्षरांतून रक्त ठिबकत असेल तर एक मार्क माझ्या वतीने कमी कर; आमच्या पोस्टरांच्या धंद्यात ते डोकं चालेनासं झालं की करायचे.

सोबतचे परीक्षक सिनेमा चांगला की वाईट यावर घसरतील. त्यांना आवर. सामान्य सिनेमाचं ट्रेलर उत्तम असू शकतं, आणि ते बहुतेक वेळा दिग्दर्शकाने कापलेलंही नसतं. हरलेल्या मुलांना कारण लेखी दे: कितव्या सेकंदाला गुपित फुटलं, पोस्टरवर नजर कुठे भरकटली. 'इम्पॅक्ट कमी' असला मोघम शेरा नको.

आणि तुझ्या त्या मैत्रिणीचंही ट्रेलर स्पर्धेत आहे ना? निकाल लागेपर्यंत कँटीनमध्ये तिच्या टेबलावर बसू नकोस.

तुझा,
काका